अण्णांची आखडलेली मान, ताप आणि क्राउन्ड डेन्स सिंड्रोम

मांजराकाठ, लातूर

घरात साठी-सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर हा धागा शेवटपर्यंत वाचा, ही कळकळीची विनंती. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, नुकताच जो आजार होऊन गेला त्याचं नाव आमच्या घरात, गल्लीत, पाहुण्यारावळ्यांत कुणीच ऐकलेलं नव्हतं. क्राउन्ड डेन्स सिंड्रोम, म्हणजे मानेच्या वरच्या मणक्याभोवती कॅल्शियमचे कण साचून तिथं सूज येणं. औषध साधं आणि स्वस्त. निदान मात्र लवकर हाती लागत नव्हतं, आणि तोवर त्यांचे जे हाल झाले ते डोळ्यांनी बघवत नव्हते.

अण्णांचं वय ७६. औसा तालुक्यात शेती, अजूनही रोज शेतावर चक्कर असते. बीपीची गोळी चालू, शुगर काठावर. रात्री जेवून नीट झोपले आणि पहाटे उठले ते मान धरूनच. आधी वाटलं उशी वाकडी झाली असेल, लचक भरली असेल. शेक दिला, बाम लावला. दुपारपर्यंत अंग तापलं, थर्मामीटरला १०१. मानेच्या वरच्या टोकाला, कवटी जिथं सुरू होते तिथं, ठणका. कुणी हाक मारली की मान न वळवता सगळं धडच वळवायचे. खाटेवरून उठताना दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरायचे, हनुवटीखाली एक हात आणि मागं एक हात, आणि मग हळूहळू उठायचे. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं एका डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं.

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेवढ्यापुरता आराम पडला. तालुक्याला एक्स-रे काढला. "मणक्यातला गॅप कमी झालाय, स्पाँडिलायसिस आहे, पट्टा लावा." आता ७६ वर्षांच्या शेतकऱ्याच्या मानेत गॅप कमी झालेला नसेल तरच नवल. पण गॅपमुळं १०१ ताप येतो का, याचं उत्तर कुणी देईना.

ताप उतरेना आणि अण्णा रात्री थोडे बरळायला लागले, तेव्हा लातूरला एका खासगी दवाखान्यात भरती केलं. ताप आणि ताठ मान बघून त्यांनी मेंदूज्वराची शंका घेतली. ती घ्यायलाच हवी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाठीतलं पाणी काढलं, ते स्वच्छ आलं. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, १३८, पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या. मेंदूचा आणि मानेचा एमआरआय झाला, त्यात वयोमानाची झीज सोडून काही नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू नाहीत. तरी भारी अँटिबायोटिक सलाइनमधून चालूच, ताप चालूच, मान तशीच. "इन्फेक्शन आहे, पण कुठं आहे ते सापडेना", एवढंच ऐकायला मिळायचं. बिल वाढत होतं आणि रोज नवीन अँटिबायोटिकची चिठ्ठी हातात पडत होती. आणखी एक महागडी तपासणी करू असं सांगितलं तेव्हा कशासाठी, हे विचारल्यावर नीट उत्तर मिळालं नाही. तक्रार आहे ती याची.

शेवटी आम्ही अण्णांना दुसरीकडं हलवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद बाजूला ठेवले आणि आधी अण्णांशी बोलल्या. "बाबा, मान खाली घालता येते का? आणि डावी-उजवीकडं?" खाली थोडी तरी जात होती, बाजूला मात्र जराही नाही. मग विचारलं, "गुडघा, मनगट कधी असं अचानक सुजलं होतं का?" मायनं लगेच सांगितलं, मागं एकदा उजवा गुडघा रात्रीतून भोपळ्यासारखा सुजला होता. युरिक अ‍ॅसिड असेल म्हणून गोळ्या दिल्या होत्या, पण रक्तात युरिक अ‍ॅसिड नॉर्मलच होतं. बाईंनी गुडघ्याचा जुना एक्स-रे मागवला, उजेडाला धरला आणि कूर्चेतली एक बारीक पांढरी रेघ आम्हाला दाखवली. त्याच दिवशी मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याचा सीटी स्कॅन झाला. दुसऱ्या मणक्याच्या खुंटाभोवती कॅल्शियमचे कण मुकुटासारखे बसलेले स्पष्ट दिसले.

अण्णांची किडनी थोडी कमजोर, म्हणून सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या टाळल्या. थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि अगदी कमी डोसात कोल्चिसिन हे सुजेवरचं औषध दिलं. शुगरवर लक्ष ठेवलं. ताप दुसऱ्या दिवशी उतरला, आणि त्यानंतर लगेचच अण्णा मान वळवून दाराकडं बघायला लागले. अँटिबायोटिक बंद झालं.

इथं कुणी डॉक्टर मंडळी असतील तर या आजाराबद्दल सविस्तर लिहा. आणि कुणाच्या घरी असं झालं असेल तर तेही सांगा.

बालाघाट, बीड

ताई, अण्णा बरे झाले हे वाचून बरं वाटलं. एक प्रश्न. अण्णा तंबाखू खातात का? आमच्याकडं सगळे म्हातारे तंबाखूसोबत चुना खातात. त्या चुन्याचं कॅल्शियम मणक्यात साचलं असं तर नाही ना?

मांजराकाठ, लातूर

खातात. मायनं हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता. त्या म्हणाल्या, तंबाखू सोडायला भरपूर कारणं आहेत, पण हे त्यातलं नाही.

परळीकर डॉक्टर

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, सांधेदुखीचे रुग्ण रोज बघतो. ताईंनी इतकं नीट लिहिलंय की माझं काम सोपं झालं.

आधी चुन्याचं बघू. हे कॅल्शियम खाण्यातून येत नाही. कॅल्शियम पायरोफॉस्फेट नावाचे स्फटिक सांध्याच्या कूर्चेत आणि स्नायुबंधांत तयार होतात. पायरोफॉस्फेट कूर्चेच्या पेशीच तयार करतात, वय वाढतं तसं ते जास्त साचतं. त्यामुळं दूध, दही, नाचणी बंद करू नका. या वयात हाडांना त्याची गरज असते, आणि बंद करून स्फटिक कमी होत नाहीत.

हे स्फटिक वर्षानुवर्षं गुपचूप पडून असतात. एखाद्या दिवशी काही कूर्चेतून सुटून सांध्यात उतरतात, शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि सांधा पेटतो. गुडघ्यात झालं तर गुडघा सुजतो, मनगटात झालं तर मनगट. १९६२ साली मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्यातल्या पाण्यात हे स्फटिक पाहिले आणि गाउटसारखा (युरिक अ‍ॅसिडच्या सांधेदुखीसारखा) दिसणारा पण गाउट नसलेला हा आजार वेगळा काढला. मानेचा प्रकार १९८५ साली फ्रान्सच्या बूव्हे आणि सहकाऱ्यांनी क्राउन्ड डेन्स सिंड्रोम या नावानं मांडला. २०२३ मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी मिळून या स्फटिकांच्या आजाराचे निकष ठरवले. त्यात सांध्याच्या पाण्यात स्फटिक सापडणं किंवा क्राउन्ड डेन्स असणं, यातलं एक असलं तरी वर्गीकरणाला पुरेसं धरलं आहे. इतकं वजन या मानेच्या दुखण्याला आहे.

आता मान बाजूलाच का वळत नाही? जात्याच्या खालच्या तळीच्या मधोमध खीळ असते आणि तिच्याभोवती वरची तळी फिरते, तशीच रचना मानेच्या वरच्या टोकाला आहे. दुसऱ्या मणक्याला वर एक दातासारखा खुंट असतो, तो डेन्स. पहिला मणका कवटीला घेऊन त्याच्याभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडं वळते त्यातलं जवळपास निम्मं फिरणं एकट्या या जोडात होतं. त्या खुंटाच्या मागून एक आडवा स्नायुबंध जातो. स्फटिक तिथं साचतात आणि तिथंच आग लागते. म्हणून "नाही" म्हणायला मान हलवणं जमत नाही, "हो" म्हणायला थोडं तरी जमतं. मेंदूज्वरात उलट असतं, हनुवटी छातीला टेकवतानाच जास्त त्रास होतो. अर्थात एवढ्या फरकावर मेंदूज्वर नाही असं कुणी घरी बसून ठरवू नये. अण्णांच्या पाठीतलं पाणी काढलं ते बरोबरच केलं होतं.

दोन्ही हातांनी डोकं धरून उठण्याबद्दल. ही खूण फार महत्त्वाची. मानेचा वरचा जोड दुखावला असेल तर माणूस आपोआप असं करतो. क्राउन्ड डेन्समध्ये दिसते, पण वरच्या मणक्यांच्या टीबीत आणि फ्रॅक्चरमध्येही दिसते. असं माणूस दिसलं की मालिश, झटका, मान मोडणं काहीही करायचं नाही. आपल्याकडं दाढी करून झाल्यावर मान कडकन मोडून देतात, हाडवैद्याकडं नेऊन मान "बसवतात". त्या जोडाच्या मागं मज्जारज्जू आहे. हात जोडून सांगतो, मानेला झटका देऊ नका.

फिल्मवाला, छत्रपती संभाजीनगर

मी सीटी-एमआरआय सेंटरला तंत्रज्ञ आहे, म्हणून या एका गोष्टीवर लिहितो.

एमआरआय जास्त महाग, म्हणजे तो सगळंच दाखवतो, असा लोकांचा समज असतो. कॅल्शियमच्या बाबतीत तसं नाही. एमआरआयमध्ये कॅल्शियम काळं दिसतं. स्नायुबंधही काळाच दिसतो. काळ्यात काळं मिसळून जातं आणि रिपोर्टमध्ये येत नाही. सीटीत तेच कॅल्शियम पांढरं धप्प उठून दिसतं. एमआरआय निरुपयोगी आहे असं नाही. मणक्यात पू, टीबी, गाठ, मज्जारज्जूवर दाब हे बघायला तोच लागतो. पण स्फटिक शोधायचे तर सीटी.

दुसरं असं की चिठ्ठीवर नुसतं "मानेचा सीटी" लिहून आलं तर कधी कधी जाड काप घेतले जातात. कवटीच्या तळापासून पहिला-दुसरा मणका, पातळ काप, हाडाची विंडो (हाड ठळक दिसेल अशी मांडणी), आणि समोरून व बाजूनं पुन्हा रचलेल्या प्रतिमा, असं लिहून आलं की काम चोख होतं. फक्त डोक्याचा सीटी झाला असेल तर त्यात दुसरा मणका बहुधा पूर्ण येत नाही. नुसतं कॅल्शियम बघायला शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध द्यावं लागत नाही, पू असल्याची शंका असेल तर लागतं. तपासणी पाच-दहा मिनिटांची असते.

सेलूकर, परभणी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण जवळचा आहे म्हणून लिहिते.

माझे मिस्टर ४२ वर्षांचे, कसलाही आजार नाही. एका संध्याकाळी मान दुखायला लागली आणि सकाळी थुंकी गिळता येईना. पाण्याचा घोटसुद्धा डोळ्यांत पाणी आणायचा. घसा उघडून बघितला तर लाल नाही, टॉन्सिल नाही. ताप किरकोळ. नाक-कान-घसावाल्यांनी सीटी काढला, तेव्हा घशाच्या मागं, मणक्यांच्या पुढं, पाणी साचलेलं दिसलं. लगेच सांगण्यात आलं की हा गळू आहे, ऑपरेशन करून पू काढावा लागेल, आजच सही करा.

माझ्या दिराचा मित्र रेडिओलॉजिस्ट आहे. त्यानं प्रतिमा बघून सांगितलं की पाण्याभोवती गळवाला असते तशी चमकणारी कड नाही, आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या अगदी पुढं कॅल्शियमचा एक ठिपका आहे. हे लाँगस कोलाय नावाच्या स्नायूच्या कंडरेची सूज आहे, पू नाही. डॉक्टरांनीही मग ऑपरेशन थांबवून आधी सुजेच्या गोळ्या द्यायचं ठरवलं. आठवड्याभरात हे घरचं जेवण जेवायला लागले.

परळीकर सर, हा तोच आजार का?

परळीकर डॉक्टर

सेलूकर ताई, जागा शेजारचीच, आजार वेगळा.

लाँगस कोलाय हा मणक्यांच्या पुढच्या अंगाला, घशाच्या मागं असलेला स्नायू. त्याच्या वरच्या कंडरेत हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचे स्फटिक साचतात आणि ते फुटले की तिथं आग होते. म्हणून गिळताना दुखतं. हा प्रकार साधारण तिशी ते साठीच्या माणसांत दिसतो. क्राउन्ड डेन्स साठीच्या पुढं, स्फटिक बहुतेक वेळा पायरोफॉस्फेटचे, आणि जागा खुंटाच्या भोवती. दोन्हींत मान अचानक दुखते, ताप असू शकतो, सीआरपी वाढतं, निदान सीटीवर होतं आणि सूज उतरवणाऱ्या औषधांनी माणूस थोड्या दिवसांत बरं होतं. लाँगस कोलायचा ठिपका बऱ्याचदा काही आठवड्यांत विरघळूनही जातो. दोन्हींत अँटिबायोटिक आणि चाकूचं काम नसतं.

तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत कड नसणं हे कळीचं होतं. मात्र गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, श्वासाला घरघर असेल तर आधी दवाखाना गाठायचा आणि चर्चा तिथं करायची. खरा गळू श्वास बंद करू शकतो.

बालाघाट, बीड

सर, तुम्ही टीबीचं नाव घेतलं म्हणून लिहितो. आमच्या वाडीवरच्या एका बाईची गोष्ट आहे. ऊसतोडीला कर्नाटकात गेल्या होत्या. मान दुखायची, मोळी डोक्यावर घेतली की जास्त दुखायची. टोळीबरोबर फिरताना कुठं दवाखाना, कुठं काय. मुकादम गोळ्या आणून द्यायचा. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. कुणीतरी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, त्यानं थोडं बरं वाटलं म्हणून अजून एक घेतलं. कारखान्याचा हंगाम संपून गावी आल्या तेव्हा हाताला मुंग्या आणि पायात ताकद नाही. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात निदान झालं, मानेच्या मणक्याचा टीबी. आता औषध चालू आहे, चालायला लागल्यात.

ताईंचा धागा वाचून कुणी "मान दुखतेय, सीआरपी वाढलंय, स्टेरॉइड द्या" असं म्हणू नये, एवढंच वाटलं.

परळीकर डॉक्टर

बालाघाट, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मराठवाड्यात मी कुठल्याही मानदुखीत टीबी डोक्यात धरूनच चालतो.

फरक वेळेचा बघा. क्राउन्ड डेन्स तासा-दिवसांत पेटतो. "काल बरा होता, आज उठता येईना" अशी गोष्ट असते. टीबी आठवडे-महिने घेतो. वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, घरात कुणाला आधी टीबी, हातापायांत अशक्तपणा. सीटी-एमआरआयमध्ये मणका पोखरलेला, शेजारी पू. शंका आली तर सुईनं नमुना घेऊन टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी करायची, अंदाजानं औषध लावायचं नाही. मणक्याच्या टीबीचं औषध वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं, आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. टीबीच्या रुग्णांसाठीच्या निक्षय पोषण योजनेत २०२४ च्या नोव्हेंबरपासून महिन्याला १००० रुपये आहाराला मिळतात, आधी ५०० होते. त्या बाईंची नोंद झाली आहे का तेवढं बघा. ऊसतोडीला गाव सोडलं तरी औषध जातील तिथं मिळू शकतं, फक्त आधी सांगून जावं लागतं.

स्टेरॉइड दोन्हींत "बरं" वाटायला लावतं, धोका आहे तो इथंच. क्राउन्ड डेन्समध्ये ते उपचार असतं, टीबीत ते जंतूंना मोकळं रान देतं. म्हणून क्रम असा: आधी जंतुसंसर्ग नाही याची खात्री, मग सीटी, मग औषध. ताईंच्या अण्णांच्या बाबतीत कल्चर, पाठीतलं पाणी आणि एमआरआय आधीच झालेले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंना निर्धास्तपणे प्रेडनिसोलोन देता आलं. पहिल्या दवाखान्यातल्या तपासण्या त्या अर्थानं वाया गेल्या नाहीत.

पूर्णामाय, हिंगोली

आमच्याकडं चार म्हशी आहेत. सासऱ्यांना मागं महिनाभर ताप आणि पाठदुखी होती, ब्रुसेला, म्हणजे जनावरांकडून येणारा जंतू, निघाला होता. मानेतही होतो का तो?

परळीकर डॉक्टर

होऊ शकतो, कंबरेत जास्त दिसतो. जनावरांत काम, गाभडलेल्या म्हशीची वार हातानं काढलेली, कच्चं दूध पिणं, असा इतिहास असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं होऊ देऊ नका. दूध उकळूनच प्या.

गोदातीर, नांदेड

गावाकडं एक जण सांध्याच्या सुजेवर कळलावीच्या कंदाचं औषध देतो. कोल्चिसिन हे त्याच्यातलंच असतं म्हणे. मग म्हाताऱ्या माणसाला नैसर्गिक घेतलेलं बरं नाही का?

परळीकर डॉक्टर

अजिबात नाही. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं हे खरं, आणि म्हणूनच तो कंद खाऊन माणसं दगावतात. गोळीत अर्धा मिलिग्रॅम मोजून असतं. कंदात किती आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि गुण येण्याचा डोस व विषाचा डोस यांत फार अंतर नाही.

गोळीसुद्धा सांभाळूनच द्यावी लागते. किडनी कमजोर असेल तर डोस कमी. जुलाब सुरू झाले तर थांबून डॉक्टरांना फोन. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक सोबत चालू असतील तर कोल्चिसिन अंगात साचून विषबाधा होते. खोकल्यासाठी वेगळ्या डॉक्टरांकडं गेलात तरी चालू गोळ्यांची यादी दाखवायची ती यासाठीच. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर स्नायू दुखतायत का याकडं लक्ष ठेवायचं.

२०२३ मध्ये फ्रान्समधल्या एका चाचणीचे निकाल आले. वयस्कर रुग्णांत याच स्फटिकांमुळं पेटलेल्या सांध्यावर कोल्चिसिन आणि प्रेडनिसोन शेजारी-शेजारी तपासले. गुण दोन्हींचा सारखाच, जुलाब कोल्चिसिनवाल्यांना जास्त. मग निवड रुग्ण बघून. शुगर बेताल असेल तर स्टेरॉइड नको, किडनी फार कमजोर असेल तर कोल्चिसिन नको, अल्सर, हृदयविकार किंवा किडनीचा त्रास असेल तर नेप्रोक्सेन, इंडोमेथासिनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत. साठीच्या पुढच्या माणसात बहुधा यातलं काहीतरी असतंच, म्हणून हे मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं औषध नाही.

आणि युरिक अ‍ॅसिडच्या गोळ्या. अण्णांना गुडघ्यासाठी दिल्या होत्या असं दिसतं. पायरोफॉस्फेट विरघळवणारं औषध अजून कुणाकडंच नाही. अ‍ॅलोप्युरिनॉल, फेबुक्सोस्टॅट यांचा इथं उपयोग नाही. चालू असतील तर डॉक्टरांना विचारून बंद करा.

मांजराकाठ, लातूर

चालू नाहीत, पण जुन्या चिठ्ठीत आहेत. आजच काढून दाखवते.

सर, पुन्हा होईल का हे? माय फार घाबरलीय. अण्णांनी जरा मान चोळली तरी हिचा जीव वरखाली होतो.

परळीकर डॉक्टर

होऊ शकतं, मानेत किंवा दुसऱ्या सांध्यात. बहुतेकांना क्वचित होतं. वारंवार झालं तर कमी डोसात कोल्चिसिन काही महिने देतात. एखादा मोठा आजार किंवा ऑपरेशन झाल्यानंतर झटका येण्याची शक्यता वाढते, तेव्हा सावध असायचं. रक्तात मॅग्नेशियम कमी असणं आणि पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करणं ही मागची कारणं असू शकतात, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) तपासून घ्या. बीपीच्या गोळीत लघवी जास्त करवणारं औषध आहे का तेही डॉक्टरांना बघायला सांगा. मात्र गोळी स्वतःहून थांबवू नका.

मायला सांगा, रोजच्या हालचालीनं काही होत नाही. दुखणं उतरल्यावर पट्टा काढून टाकायचा. महिनोन्‌महिने पट्टा लावून मानेचे स्नायू कमजोर होतात, मग दुखणं वेगळंच सुरू होतं.

एक गोष्ट मी आपणहून सांगतो. सीटीत खुंटाभोवती कॅल्शियम दिसलं म्हणजे लगेच हा आजार, असं नाही. वय झालेल्या कितीतरी माणसांत ते नुसतं असतं, कधीच त्रास देत नाही. अचानक दुखणं, न वळणारी मान, वाढलेलं सीआरपी, दुसरं कारण नसणं आणि सीटी, हे सगळं एकत्र जुळलं पाहिजे. नुसत्या रिपोर्टवर उपचार करू नयेत.

गोदातीर, नांदेड

सर, मघाशी कळलावीचं विचारलं ते सासऱ्यांसाठीच. आता मोकळेपणानं लिहितो. वय ८१. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन व्यवस्थित झालं. दोन दिवस बरे होते. कालपासून ताप आणि मान दुखायलीय. "माझी मान कुणीतरी आवळून धरलीय" म्हणायलेत. सिस्टर म्हणतात ऑपरेशनचा ताप आहे, पण खुब्याची जखम कोरडी आहे. उजवं मनगटही सुजलंय, तिथं सलाइन नव्हतं. मेव्हणा म्हणतो कंदवाल्याला बोलावू. मी त्याला हा धागा वाचायला दिलाय.

परळीकर डॉक्टर

कंदवाल्याला दवाखान्याच्या दारातही येऊ देऊ नका.

मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळं निदान सांगत नाही. पण ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत ताप, मान आणि मनगट असं एकदम झालंय तर तुमच्या डॉक्टरांना आत्ता, राउंडची वाट न बघता सांगा. नम्रपणे एवढंच म्हणा: "मनगट आणि मान दोन्ही एकदम धरलंय, स्फटिकांचा त्रास असू शकतो का, मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याचा सीटी काढता येईल का, मनगटातलं पाणी तपासता येईल का?" ते नाराज होणार नाहीत. ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग आधी वगळायचा असतो, ते त्यांचं ते करतीलच. शुद्ध हरपत असेल, उलट्या होत असतील, हात-पाय उचलत नसतील किंवा लघवी तुंबली असेल तर तसंही लगेच सांगा.

फिल्मवाला, छत्रपती संभाजीनगर

खुब्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला सीटीच्या टेबलावर घेताना मान हातानं उचलू देऊ नका. चादरीसकट अख्खं माणूस सरकवायचं, डोक्याला एकानं दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा. टेबलावर घाई करू नका म्हणून तिथल्या पोरांना सांगा, ते ऐकतात.

गोदातीर, नांदेड

सर्वांना कळवतो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. त्यांनीच मनगटातून सुईनं पाणी काढलं, त्यात स्फटिक दिसले, जंतू नाहीत. सीटीत खुंटाभोवती मुकुट आहे. मॅग्नेशियमही कमी निघालं, ते सलाइनमधून दिलंय. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं आहे म्हणून कोल्चिसिन दिलं नाही, प्रेडनिसोलोन पाच दिवस आणि शुगर रोज चार वेळा. आज सासऱ्यांनी मान थोडी वळवली आणि मेव्हण्याला "कंदवाला आला का?" असं विचारलं. त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं वाटतं. मेव्हण्यानं नाही म्हणून सांगितलं.

ताई, तुमच्या अण्णांच्या सीटीची सीडी मिळाली होती का तुम्हाला? इथं फक्त कागदाचा रिपोर्ट दिलाय.

मांजराकाठ, लातूर

मागून घ्या, देतात. फिल्म पण घ्या आणि घरी उन्हात ठेवू नका, दोन्ही खराब होतात. मी अण्णांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: "कॅल्शियम पायरोफॉस्फेटचा आजार, क्राउन्ड डेन्स, सीटीवर सिद्ध. किडनी कमजोर." खाली चालू गोळ्यांची यादी. रात्री-अपरात्री कुठल्याही दवाखान्यात जावं लागलं तरी ते पान आधी पुढं करायचं, असं धाकट्या भावालाही बजावलंय. सासऱ्यांच्या फाइलवर मॅग्नेशियमचंही लिहा.

अण्णांचं मॅग्नेशियम आणि पीटीएचचं रक्त आज दिलं. रिपोर्ट आला की इथंच टाकते.